निसवल्यानंतरची मुळं

भात बघायला येणारा माणूस पानं बघतो. माझा हात आधी चिखलात जातो. सुरतजवळ भेस्तानहून सचिन गावाच्या बाजूला, लूमच्या शेडांपलीकडे, काकरापारच्या डाव्या कालव्यावर जी खाचरं उरली आहेत तिथली जमीन काळी आणि चिवट. एक चूड मुळांसकट काढायची तर खुरपं खोल घालावं लागतं. मग पाण्यात खळबळून चिखल सोडवायचा, हलक्या हाताने.

लावणीत रोपाची बरीच मुळं तुटतात. आठवडाभरात बुडाच्या पेरातून नवी पांढरीशुभ्र मुळं निघतात, तेव्हा कुठे रोपाचा पिवळेपणा जातो. पुढे प्रत्येक फुटवा आपली मुळं धरतो. चिखलात हवा नसते, म्हणून भात खोडातल्या पोकळ्यांतून प्राणवायू खाली पोचवतो. थोडा बाहेर झिरपतो, मातीतलं लोह गंजतं आणि मुळावर तांबूस लेप चढतो. टोक पांढरं, मागे तांबूस, म्हणजे मूळ कामात आहे. मूळ काळं पडलं आणि कुजक्या अंड्याचा वास आला, की मी पाणी काढून टाकतो. पण केसाएवढी भेग दिसेपर्यंतच. आमच्या काळ्या जमिनीत रुंद भेग पडली तर ती मुळंच तोडते.

पोटरीच्या सुमारास वरच्या पेरांतून बारीक मुळं फुटतात आणि मातीच्या अगदी वरच्या थरात जाळ्यासारखी पसरतात. तेव्हा मी खाचरात कोणाला कोळपं घालू देत नाही.

निसवेपर्यंत मुळांचा पसारा भरात येतो, मग उतार लागतो. पानांनी केलेलं अन्न दाणे ओढून घेतात, मुळं उपाशी राहतात. आणि दाणा भरायला अजून महिनाभर असतो! वरची पानं हिरवी राहतात ती मुळांतून चढणाऱ्या सायटोकायनिन या संप्रेरकाच्या जोरावर. मूळ थकलं की पान पिवळतं आणि लोंबीच्या बुडाचे दाणे पोचट राहतात. लोंबी बाहेर आली म्हणजे पीक हातात आलं असं समजून पाणी तोडणं मला म्हणूनच पटत नाही.

मुळांचा जोर मोजायला प्रयोगशाळेत खोड कापून, रात्रभर कापसात टिपलेला रस तोलतात. मी पहाटे बांधावर जातो. दव पानभर असतं. मुळांनी रात्री वर ढकललेलं पाणी मात्र पानाच्या टोकाला टपोरा थेंब होऊन बसतं. दमट, वारा नसलेल्या पहाटेही थेंब दिसेनासे झाले तर आधी चूड उपसून बघतो. मुळात जीव असेल तर पाण्याची पाळी सोडत नाही. पाणी तोडायचं ते कापणीच्या दहाएक दिवस आधी.