शिक्षेच्या आधीचे कागद

एडिंबरच्या वेव्हर्ली स्टेशनातून प्रिन्सेस स्ट्रीटवर आले की रस्त्यापलीकडे घुमटाची एक इमारत दिसते. हे जनरल रजिस्टर हाउस. पुढे घोड्यावर बसलेल्या वेलिंग्टनचा पुतळा आहे. रॉबर्ट ॲडमने आखलेल्या या वास्तूची पायाभरणी १७७४ साली झाली. सरकारी कागद जपण्यासाठीच ती बांधली गेली आणि आजही त्याच कामी आहे. स्कॉटलंडमधून, तसेच कॅनडा-ऑस्ट्रेलियात पांगलेल्या घराण्यांतून लोक इथे पूर्वजांचा माग काढत येतात. जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदींतून पिढ्यांची साखळी जुळते, पण माणूस कळत नाही. ज्याच्याकडे जमीन नव्हती, ज्याने पत्रे लिहिली नाहीत, मृत्युपत्र केले नाही, तो मजूर किंवा ती मोलकरीण या नोंदींत तीन-चार तारखांपुरतीच उरते. पण असा पूर्वज कधी आरोपी म्हणून उभा राहिला असेल, तर त्याच्याविषयी एखाद्या जमीनदाराहूनही जास्त मजकूर हाती लागू शकतो. माझे म्हणणे असे की हा मजकूर तुरुंगाच्या नोंदवहीपाशी थांबणाऱ्याला मिळत नाही. खटला उभा राहण्याआधीचे कागद उघडावे लागतात, आणि ते उघडल्यावर गुन्हा हा त्या आयुष्याचा एक लहानसा भाग ठरतो.

नोंदवही कमी मोलाची आहे असे मात्र नाही. कैद्याचे नाव, वय, उंची, जन्मगाव, धंदा, धर्म, लिहिता-वाचता येते की नाही, कोणत्या कोर्टाने किती शिक्षा दिली, हे सारे तिच्या रकान्यांत असते. खापरपणजोबांची उंची कळण्याचा दुसरा मार्ग क्वचितच असतो. बायकांची नावे शोधताना एक स्कॉटिश रीत ध्यानात ठेवावी लागते: लग्नानंतरही कायद्याच्या कागदांत स्त्रीचे माहेरचे आडनाव टिकून राही आणि नवऱ्याचे आडनाव ‘किंवा’ म्हणून जोडले जाई. केवळ सासरच्या नावाने शोधणारा रिकाम्या हाताने परततो. मात्र हे सगळे रकाने तुरुंगाच्या सोयीसाठी आखलेले आहेत. माणूस पळाला तर ओळखता यावा, पुन्हा आला तर कळावे, एवढीच त्यांची गरज. रजिस्टर हाउसपासून काही मिनिटे पूर्वेकडे चालले की कॉल्टन टेकडीच्या पायथ्याशी सेंट अँड्र्यूज हाउस हे सरकारी कार्यालय लागते. १८१७ पासून १९२५ पर्यंत इथे कॉल्टन जेल होते. आता तुरुंगाधिकाऱ्याचे बुरुजदार घर तेवढे शिल्लक आहे, कोठड्या गेल्या. नुसत्या नोंदवहीवरून लिहिलेल्या चरित्राची गत अशीच होते: अधिकाऱ्याची नजर टिकते, कैदी उरत नाही.

आता आधीचे कागद. स्कॉटलंडमध्ये गुन्ह्याचा तपास प्रोक्युरेटर फिस्कल हा सरकारी अधिकारी करी. साक्षीदारांना एकेकटे बोलावून त्यांचे जबाब लिहून घेतले जात. त्याला प्रीकॉग्निशन म्हणतात. आरोपीची जबानी शेरीफसारख्या न्यायाधिकाऱ्यासमोर वेगळी होई. गंभीर प्रकरणांची बाडे एडिंबरला लॉर्ड ॲडव्होकेटच्या खात्याकडे जात आणि खटला चालवायचा की नाही, कोणत्या कोर्टात, हे तिथे ठरे. एकोणिसाव्या शतकातली अशी असंख्य बाडे आज नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड या सरकारी दफ्तरखान्याकडे आहेत. साक्षीदारांचे हे जबाब प्रत्यक्ष खटल्यात पुरावा म्हणून वाचायचे नसत. त्यामुळे ऐकीव गोष्टी, शेजारच्या कुरबुरी, उधारीचे हिशोब असे कोर्टाने अडवले असते ते सारे त्यांत शिरले. ‘गरोदरपण लपवणे’ हा गुन्हा घ्या. १६९० च्या कायद्याने, ज्या बाईने गरोदरपण लपवले, बाळंतपणात मदत मागितली नाही आणि जिचे मूल मेलेले सापडले किंवा सापडलेच नाही, तिने खून केला असे गृहीत धरले जाई. १८०९ मध्ये तो कायदा जाऊन जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद आली. नोंदवहीत अशा मोलकरणीचा गुन्हा दोन-तीन शब्दांत संपतो. तिच्या बाडात मालकीण बोलते, एकाच खाटेवर झोपणारी दुसरी मोलकरीण बोलते, डॉक्टर बोलतो. कोण कुठे झोपत होते, काम किती होते, कोणाला संशय आला आणि कोण गप्प राहिले, हे त्यातून उलगडते. या पोरीचा वंशज तिला गुन्हेगार म्हणेल की नाही, हे ही पाने वाचल्यावरच ठरावे.

हाय स्ट्रीट चढून सेंट जाइल्स चर्चपाशी गेले की फरसबंदीत दगडांचे एक हृदय दिसते. येणारे-जाणारे रिवाज म्हणून त्यावर थुंकतात. १८१७ मध्ये पाडलेल्या टोलबूथ तुरुंगाची ही जागा. वॉल्टर स्कॉटच्या ‘द हार्ट ऑफ मिडलोदियन’ या १८१८ च्या कादंबरीला नाव इथूनच मिळाले आणि कथा मिळाली त्या १६९० च्या कायद्यातून. इझाबेल वॉकर या तरुणीला १७३८ मध्ये डम्फ्रीजला देहदंड सुनावला गेला. तिची बहीण हेलन हिने लंडनपर्यंत जाऊन माफी मिळवली. इर्नग्रेच्या दफनभूमीत हेलनच्या कबरीवरचा दगड स्कॉटने बसवलेला आहे. कायद्याने जिला खुनी मानले, तिला तेच राज्य माफी देते; मग घराण्याच्या इतिहासात तिची नोंद कोणत्या शब्दाने करायची? शिक्षेचा कागद एकटा याचे उत्तर देऊ शकत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. जबाब साक्षीदाराच्या तोंडचे नाहीत. कारकुनाने ते कार्यालयीन इंग्रजीत उतरवले, बोलीतला स्कॉट्स बाज धुऊन टाकला, आणि फिस्कलने विचारले तेवढेच उत्तर आले. हे खरे आहे. भाषेचा अभ्यास करायचा तर हे कागद फसवतील. पण एकाच संध्याकाळबद्दल अनेक माणसे वेगवेगळे बोलतात आणि त्यांचे हितसंबंध एकमेकांना छेदतात. कारकून शब्द सारखे करू शकतो, हितसंबंध सारखे करू शकत नाही. शिवाय दाराची किल्ली कोणाकडे होती, मजुरी किती थकली होती, असल्या आनुषंगिक तपशिलांत खोटे बोलायला सहसा कोणाला कारण नसते. घराण्याच्या इतिहासाला हवे असते ते नेमके हेच. हाय कोर्टाच्या दारापुढे डेव्हिड ह्यूमचा पुतळा आहे. साक्ष कितपत मानावी याचा कठोर विचार करणारा तत्त्वज्ञ तिथे बसलेला मला फार योग्य वाटतो.

निकालावर विसंबणाऱ्यांसाठी ऑस्कर स्लेटरची फाइल आहे. १९०८ च्या डिसेंबरात ग्लासगोत मॅरियन गिलख्रिस्ट या वृद्धेचा खून झाला. तिची हिऱ्यांची एक ब्रूच नाहीशी झाली होती. स्लेटर हा जर्मन ज्यू. त्याने एक ब्रूच गहाण ठेवली होती, एवढ्यावरून माग त्याच्याकडे वळला. ती ब्रूच दुसरीच निघाली आणि खुनाच्या आधीच गहाण पडलेली होती. तरी १९०९ मध्ये पंधरा ज्यूरींपैकी नऊ जणांनी त्याला दोषी म्हटले. पाच जणांच्या मते आरोप सिद्ध झाला नव्हता, एकाने निर्दोष म्हटले. फाशी जन्मठेपेवर आली आणि त्याने पीटरहेडच्या तुरुंगात अठरा वर्षांहून अधिक काळ काढला. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल त्याच्यासाठी झगडला, आणि १९२८ मध्ये शिक्षा रद्द झाली. स्लेटरला असा कैवारी लाभला. ज्यांना लाभला नाही त्यांचे निकाल नोंदवह्यांत तसेच उभे आहेत.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि मला तो अधिक बोचतो. पूर्वजाची बाजू समजून घेताना, ज्याचे लुटले किंवा जिला मारले, त्यांचा विसर पडत नाही का? पडू शकतो. पण तुरुंगाच्या वहीला फिर्यादीशी कर्तव्यच नसते. त्याची किंवा तिची साक्ष आणि आरोपीची जबानी एकाच दोरीत बांधलेली सापडते ती या बाडातच. चोरीचे कपडे एखाद्या धोबिणीकडचे असतील, तर ते गेल्यामुळे तिची आठवड्याची कमाई बुडाली हे तिथेच कळते. पूर्वजावर माया असलेल्याने ते पान आधी वाचावे.

प्रत्येकाला बाड मिळेलच असे नाही. दारू पिऊन दंगा, किरकोळ चोरी अशी प्रकरणे झटपट निकालात निघत आणि त्यांचा कागद फारसा उरत नाही. असा पूर्वज ग्लासगोचा असेल, तर तिथल्या मिचेल लायब्ररीत जावे. १८४५ च्या कायद्यानंतर गरिबांना मदत देताना अधिकाऱ्यांनी केलेल्या चौकशीच्या वह्या तिथे आहेत. तिथे तुरुंगाचा उल्लेख सापडलाच तरी तो एखाद्या ओळीपुरता असतो. बाकीचे पान मुलांची नावे आणि वये, आईबापांची गावे, राहती खोली आणि मदत मागण्याचे कारण यांनी भरलेले असते.