गच्चीवर चढवलेली ट्रॉली

खोलीच्या छताला भेग दिसली, तेव्हा माझं बोट थेट खाणीकडे गेलं. वणीत ते सोपं आहे. भोवताली कोळशाच्या उघड्या खाणी. सुरुंग उडाला की तावदानं थरथरतात, मांडणीवरची भांडी वाजतात. मी निवेदन लिहिलं, गल्लीतल्या सहा घरांच्या सह्या घेतल्या. जन्मभर गणित शिकवलेला माणूस. मुद्दे क्रमवार मांडले होते.

निवेदन द्यायच्या आदल्या दिवशी घर बांधणारा मिस्त्री सहज आला. भेग पाहिली, गच्चीवर गेला आणि खाली येऊन म्हणाला, "सर, हादरा येते अन् जाते. हे वझं तं रातदिन बसून रायते."

वझं म्हणजे माझी हौस. इथला उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, रात्रीसुद्धा स्लॅब धग सोडत राहतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी शेतातली ट्रॉलीभर काळी माती गच्चीवर चढवली. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, फूटभर जाड वाफा. पालक, वांगी, कोथिंबीर. खालची खोली खरंच गार झाली आणि मी भेटेल त्याला ते सांगत सुटलो. वाफ्याला लागून हजार लिटरची टाकी ठेवली. पाइप कमी लागावा म्हणून खोलीच्या बरोबर मधोमध.

मिस्त्रीने इंजिनिअरला बोलावलं. ती माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. कागद पुढे सरकवून म्हणाली, "सर, गणित तुम्हीच करा."

केलं. माती ८० घनफूट. भिजलेली काळी माती घनफुटाला पन्नासेक किलो, म्हणजे चार टन. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे भरलेली टाकी आणखी एक टन. भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग २, १९८७) माणसांची ये-जा असलेल्या घरगुती छतासाठी धरायचा वापराचा भार चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे चौरस फुटाला साधारण १४ किलो. माझ्या वाफ्याखाली तो ५० होता, टाकीखाली ८०.

मी वाद घातला. मुलाच्या लग्नात याच गच्चीवर पन्नास माणसं नाचली होती, तेव्हा काही झालं नाही! ती म्हणाली, "ती तासाभरात खाली उतरली, सर. माती उतरली नाही." कायमच्या वजनाखाली काँक्रीट वर्षानुवर्षं थोडंथोडं वाकत जातं. काँक्रीट दाब सोसतं, ताण सळईने घ्यायचा असतो. आणि वाकलेल्या स्लॅबला सर्वांत जास्त ताण बसतो तो मधोमध, खालच्या बाजूने. भेग नेमकी तिथेच होती. दोरी लावून पाहिलं, तर छत मध्ये झोल खाऊन होतं. पावसाचं पाणी गच्चीच्या मधोमध साचतं, हेही मला ठाऊक होतं. मी त्याचा दोष कोब्याला दिला होता.

आधी खोली रिकामी करून टेकू दिले. मग माती घमेल्याघमेल्याने खाली आली. ती वर नेताना मला फक्त मजुरी मोजायची सुचली होती. टाकी आता कॉलमच्या डोक्यावर, बीमवर बसवलेल्या चौथऱ्यावर आहे. पाइप वीस फूट जास्त लागला. गारव्यासाठी दर मार्चमध्ये गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात देतो. त्याचं वजन छताला कळतही नाही.

सर्वांत जड गेलं ते सह्या घेतलेल्या सहा घरी जाऊन सांगणं. एकाने विचारलं, "मंग गुर्जी, माह्या भेगेचं काय?" त्याची भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भिंतीत गेली होती. मी सवयीने म्हणणार होतो, खाण. मग म्हणणार होतो, काळी जमीन. उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. दोन्ही गिळलं आणि इंजिनिअरचा नंबर दिला.