शिट्टी कुकरची की गाडीची?

रविवारी सकाळी आमच्या घरात दोन शिट्ट्या वाजतात. एक माझ्या कुकरची आणि दुसरी दारातल्या गाडीची. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करता येतो. गाडीच्या शिट्टीला आवर घालायला मात्र मला दोन वर्षं लागली!

आम्ही कोल्हापूरचे. दोन वर्षांपूर्वी ह्यांनी बारा वर्षं वापरलेली एक डिझेल गाडी घेतली. का, तर तिला टर्बो आहे! ह्यांचे तीन मित्र. एक बँकेत, एक शास्त्राचे शिक्षक आणि एक उद्यमनगरात लेथवर काम करणारे. रविवार उजाडला की तिघेही हजर. “वहिनी, चहा!” अशी आरोळी आली की समजावं, बॉनेट उघडलं. मग दिवसभर पाने, चिंध्या आणि फरशीवर तेलाचे डाग. संध्याकाळी ह्यांचा शर्ट घासताना साबणाची निम्मी वडी संपायची.

टर्बो म्हणजे काय, ते शास्त्राच्या भावजींनी मला पायरीवर बसून समजावलं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी वायाच जातो. त्या धुराच्या जोरावर एक छोटं चक्र फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून डिझेलही जास्त जाळता येतं आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरनं १९०५ साली याचं पेटंट घेतलं. हे चक्र मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल वेळेवर बदललं नाही, तर त्याची काजळी होते आणि दांडा झिजतो. मला आपलं वाटलं, उरल्यासुरल्याचं थालीपीठ लावणाऱ्या बाईलाच हे सुचायला हवं होतं!

पण हे कौतुक फार दिवस टिकलं नाही. बी.ए. होऊन मला तेरा वर्षं झाली. एका शाळेत मी अर्धवेळ मराठी शिकवते, तासांप्रमाणे पैसे. कायम व्हायचं तर बी.एड. हवं. गेल्या वर्षी सीईटी दिली, नंबर लागला. फीचे ४०,००० रुपये आमच्या दोघांच्या खात्यात बाजूला ठेवले होते. भरायला गेले, तर २२,००० कमी! गाडी निळा धूर सोडत होती, म्हणून टर्बोचा आतला गाभा बदलला होता. शिवाय स्टिअरिंगजवळ हवेचा दाब दाखवणारा एक काटाही बसवला होता.

“पगार झाला की भरणारच होतो गं,” हे म्हणाले. पण पगाराच्या आधी प्रवेशाची मुदत संपली.

मी भांडले नाही. आठ दिवस बोललेच नाही. सासूबाई म्हणाल्या, “पुरुषाला एखादा नाद असायचाच. दारू-पत्त्यांपेक्षा हा बरा.” खरंच आहे ते. पण एकाच्या नादासाठी दुसरीचं वर्ष जावं का? याचं उत्तर त्यांच्यापाशीही नव्हतं.

दिवाळीत रत्नागिरीहून परत येताना आंबा घाटात गाडी दमली. मागे काळा धूर, पुढे सुस्स असा आवाज, आणि तो काटा काही वर सरकेना. कशीबशी घरी आली. रविवारी चार डोकी बॉनेटमध्ये. बँकेतले भावजी म्हणाले, “इंजिनाची चिपच बदलू, जोर दुप्पट!” मला राहवेना. म्हटलं, “अहो, सिलिंडर गळतोय का ते आपण कसं बघतो? फेस लावून ना?”

चौघेही गप्प. मग लेथवाल्या भावजींनी हवा आत घेणाऱ्या पाइपच्या तोंडाला झाकण बसवलं आणि कॉम्प्रेसरनं बेतानं हवा सोडली. मी भांड्याच्या साबणाचा फेस जुन्या ब्रशनं नळ्यांवर लावत गेले. एका जाड रबरी नळीच्या खालच्या अंगाला बुडबुडे आले. चीर होती. दाबलेली हवा तिथून निसटत होती आणि हवेविना डिझेल अर्धवट जळून काळा धूर होत होता. नवी नळी आणि दोन क्लिपा, १,४०० रुपये. काम झालं.

त्या रात्री मी वही काढली. पहिली ओळ माझ्या फीची, गाडी त्याच्या खाली. दुसरं, तेल बदलल्याची तारीख तिथेच लिहायची. तिसरं, जोर वाढवायचा नाही. मूळ बनावटीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. त्याच वर्षी कायदा बदलून अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड आणि तुरुंगवासाचीही तरतूद झाली. शिवाय ब्रेक आणि क्लच कंपनीनं मूळ जोराच्या हिशेबानंच बसवलेले असतात. गाडीत मुलंही बसतात की!

“चुकलंच माझं,” हे म्हणाले. तेव्हापासून दर महिन्याला ३,००० रुपये माझ्या वेगळ्या खात्यात जमा होतात. यंदा मी सीईटी पुन्हा दिली. फी पहिल्याच दिवशी भरली.

रविवारच्या बैठका चालूच आहेत. चहाही मीच करते, पण आता कपबशा ते चौघे धुतात! आणि एक सांगते, तुमच्याकडे टर्बोची गाडी असेल, तर घाट चढून थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. मिनिटभर नुसतं चालू ठेवा, म्हणजे तापलेल्या टर्बोला तेल मिळत राहतं. आम्हीही तेवढा वेळ गाडीतच बसून राहतो. गेलेलं वर्ष परत यायचं नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. पण आता पैसे खर्च करायच्या आधी हे मला विचारतात, आणि तेही बहुधा त्याच मिनिटात.