दाढीतलं खोबरेल

खाज म्हटली की तेल, हा आमच्या घरचा पहिला उपाय. टाच भेगाळली, ओठ फुटले, डोकं कोरडं पडलं, सगळ्यावर खोबरेल. दाढी वाढवल्यावर हनुवटीखाली खाज सुटली तेव्हा मीही रात्री तेच चोळून झोपायचो. कोंडा पडतो म्हणजे त्वचा कोरडी, हे माझं ठाम मत होतं आणि चारचौघांना मी तेच सांगायचो. आज ते मत माझं राहिलेलं नाही.

त्वचेच्या डॉक्टरांनी दाढीला हात लावण्याआधी माझ्या भुवया बोटाने उलट्या फिरवून पाहिल्या. मग नाकपुडीच्या कडेची घडी, मग कानामागे. तिन्ही ठिकाणी लालसर कातडी आणि तिच्यावर पिवळट खपली. कोरड्या त्वचेचा कोंडा भुरभुरीत असतो. हा बोटाला तेलकट लागत होता. सेबोरिक डर्माटायटिस, त्यांनी सांगितलं. जिथे तेलग्रंथी जास्त, तिथेच तो होतो.

मॅलॅसेझिया नावाची यीस्ट सगळ्यांच्याच त्वचेवर असते. तिला स्वतःची मेदाम्लं तयार करता येत नाहीत, म्हणून ती त्वचेच्या तेलावर जगते. ते पचवताना सुटणारं ओलेइक आम्ल काहींच्या त्वचेला सोसत नाही, आणि मग आग, खाज, कोंडा. प्रयोगशाळेत ही यीस्ट वाढवायची तर तिच्या खाद्यावर ऑलिव्ह तेलाचा थर देतात. हे कळल्यावर माझा तेलाचा आग्रह संपला. टाचांना मी ते अजूनही लावतो, दाढीला नाही.

आता २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा. केसांवर फेस करून भागत नाही. बोटांची टोकं केसांत घालून तो कातडीपर्यंत न्यायचा, तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, मग कोमट पाण्याने धुवायचं. अंगाच्या साबणाने दाढी धुणंही सोडलं. त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात, त्वचेचा पाचच्या आसपास. हा त्रास कायमचा जात नाही, थंडीत आणि दगदगीत डोकं वर काढतो. पण आटोक्यात राहतो.

मेडिकलमधून मागून आणलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. तिने दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून ती घराघरांत फिरते. खाज गजकर्णाची असेल तर वरचा लालपणा दबतो आणि बुरशी पसरत राहते. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती उगाच नाही. शिवाय प्रत्येक खाज माझ्यासारखी नसते. मानेवर टोचणाऱ्या पुळ्या असतील तर वस्तऱ्याने कापलेला केस आत वळलेला असू शकतो. कलप लावल्यावर चेहरा सुजला तर कारण कलपातच शोधावं.

‘काढून टाका ना दाढी’ हा सल्ला सगळे देतात. औषध पोचायला त्याने सोपं जातं, हे खरं. पण शिखांना, कित्येक मुसलमानांना हा सल्ला काय कामाचा? त्यांना दाढी ठेवूनच कातडी बरी करता येते, आणि डॉक्टरांनी त्यांना तसंच सांगायला हवं.