व्हॅलेटातील दोन दिवस

वाचकहो, प्रवासाला निघताना पाहावयाच्या स्थळांची यादी करण्याची खोड आपणासही असेल. माल्टाची राजधानी व्हॅलेटा पाहावयास आम्हां उभयतांना शनिवार-रविवार असे दोनच दिवस मिळाले होते. माझ्या यादीत स्थळे अकरा होती. हिच्या गुडघ्यांचा विचार मात्र तीत कोठेच नव्हता.

तुर्कांनी १५६५ मध्ये घातलेला वेढा उठल्यावर सेंट जॉन पंथाच्या सरदारांनी १५६६ मध्ये हे शहर टेकाडावर वसविले. रस्ते सरळ आखलेले. पण कित्येक ठिकाणी रस्ता संपतो आणि पायऱ्याच लागतात. वर रंगीत लाकडी सज्जे, खाली निळा समुद्र. मी पुढे, ही मागे. तिसऱ्या चढणीवर ती बसलीच. "तुम्ही पाहून या, मी येथेच थांबते." तीस वर्षांत हे वाक्य ऐकून मी किती वेळा खरोखरच पुढे निघून गेलो, ते आठवून ओशाळलो.

यादी खिशात गेली. सेंट जॉनच्या चर्चमध्ये काराव्हाज्जोने १६०८ मध्ये रंगविलेले योहानाच्या शिरच्छेदाचे भव्य चित्र आहे. निम्म्याहून अधिक भाग नुसता काळोख. त्यासमोर आम्ही बराच वेळ बसलो.

"त्या रक्तात काही अक्षरे आहेत का हो?" हिने हळूच विचारले.

मला ती दिसलीच नव्हती. चित्रकाराची सही होती ती. त्याची सही असलेले हे एकच चित्र आज उपलब्ध आहे.

परतताना ही माझ्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरत होती. उरलेल्या स्थळांविषयी तिने विचारले नाही, मीही काढले नाही.