किंमत आणि मोल

साहित्याच्या वर्गात 'मूल्य' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्याचा एक पाय कायम बाजारात असतो याचा विसर पडतो. आमचे दौंडचे घर विकायला काढल्यापासून, गेली दोन वर्षे, मला मात्र तो विसर परवडेनासा झाला आहे.

वडील रेल्वेत होते. मनमाडचा लोहमार्ग 1878 साली सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. मनमाडहून पुण्याकडे जाणारी गाडी येथे आली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. त्या थांब्यावर अनेकांचे पोट चाले. आता कॉर्ड लाइनमुळे कित्येक गाड्या मुख्य स्थानकात न शिरताच पुढे जातात. घरांचे भाव त्यामुळेच उतरले असे मी म्हणणार नाही. पण स्टेशनच्या जवळिकीचा जो हिशेब करून वडिलांनी जागा घेतली, तो आजच्या गिऱ्हाइकाच्या मनात नाही, एवढे खरे.

दादाने किंमत लावली 60 लाख. जागा, विटा, सागवानी दारे, नंतर चढवलेला मजला, या सर्वांची त्याने व्याजासकट बेरीज केली होती. येणारी माणसे 46-47च्या वर सरकत नव्हती. पुढे पुढे तर ती येईनाशी झाली.

हा हट्ट केवळ आमच्या घरातला नव्हे. जेनसोव्ह आणि मेयर या अर्थतज्ज्ञांनी 1990च्या दशकातील बॉस्टनच्या सदनिका-बाजाराचा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध केला. ज्यांना खरेदीच्या किमतीपेक्षा कमी मिळण्याची भीती होती, ते विक्रेते इतरांहून चढी किंमत मागत आणि त्यांची घरे अधिक काळ पडून राहत. गिऱ्हाईक आपला खर्च विचारत नाही. तेवढ्याच पैशांत दुसरे काय मिळेल, हे पाहते.

मग मी दुय्यम निबंधकांकडे नोंदलेल्या व्यवहारांच्या 'इंडेक्स टू'च्या नकला काढल्या. त्यांत मागितलेली नव्हे, तर व्यवहारात ठरलेली रक्कम असते. कागदावरचा आकडा नेहमी पुरा असतोच असे नाही, तरी शेजारच्याच्या ऐकीव आकड्यापेक्षा तो बरा. सरकारी दरतक्त्याचे मूल्यही पाहिले. विक्री त्याच्या फार खाली गेली, तर प्राप्तिकराच्या हिशेबात तेच मूल्य धरले जाऊ शकते. आमच्या घराचे ते मूल्य 44 लाख होते. आसपासची तशीच घरे 45 ते 49 लाखांत गेली होती.

दादाचे म्हणणे एकच, "थांबू, भाव येईल." पण थांबणार होती आई. गुडघ्यांमुळे तिला आमच्या पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर चढता येत नाही. घराचे पैसे आले तरच तळमजल्याची जागा घेता येणार. घरपट्टी आणि गळती यांचा खर्च मांडता येतो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एकटीने काढलेल्या एका पावसाळ्याचा कोणत्या रकान्यात मांडायचा?

शेवटी आईच दादाला म्हणाली, "ह्यांनी घर विकायला बांधलं नव्हतं. मग त्यांच्या खर्चाची पावती गिऱ्हाइकाला कशाला दाखवतोस?"

दादा बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने एजंटला 49 लाख सांगितले. विसार अजून हाती आलेला नाही. पण या महिन्यात तीन कुटुंबे घर आतून पाहून गेली, आणि त्यांतले एक मोजमापाची टेप घेऊन पुन्हा आले.