सुट्टीला निघताना शेगडी घरी ठेवा

सुट्टी म्हणजे काय, हे घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळे विचारून पाहावे. घरधनी सांगतील, त्या दिवशी कारखान्याचा भोंगा नाही. मुले सांगतील, शाळा नाही, अभ्यास नाही. घरातल्या बाईला विचारले तर ती नुसती हसते. कारण सुट्टीच्या दिवशी सगळे घरी असतात, आणि सगळे घरी असले की चहा दोनदा जास्त होतो, भाकरी चार जास्त लागतात, भांडी दुप्पट पडतात. इतरांची सुट्टी म्हणजे तिचा जादा पाळीचा दिवस.

मायबहिणींनो, हे सांगायचे कारण असे, की येत्या जानेवारीत समुद्रकाठी दोन रात्रींचा मुक्काम करायचे आमच्या घरी ठरले आहे. आम्ही आशागडला राहतो. आमचे हे फुग्याच्या कारखान्यात आहेत, मी घरी शिलाईकाम करते. सासूबाई, एक मुलगा, एक मुलगी, अशी पाच माणसे. ऐकणारा प्रत्येकजण विचारतो, "अहो, समुद्र तर तुमच्या उशाशी आहे, मग पैसे घालवून दुसरीकडे कशाला?" खरे आहे. डहाणूचा किनारा रिक्षाच्या अंतरावर आहे, बोर्डी-घोलवडची सुरूची झाडे लांब नाहीत. रविवारी आम्ही जातोही. पण सकाळी भाकऱ्या थापून जायचे आणि संध्याकाळी वाळू झाडून पुन्हा भात टाकायला यायचे, याला फेरफटका म्हणावे, सुट्टी म्हणू नये.

कुठे जायचे, यावर आठवडाभर घरात सभा भरली. मुलगा म्हणाला, "बार्बाडोसला जाऊ." 29 जून 2024 ला टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना आपण तिथेच जिंकलो, तेव्हापासून ते वेस्ट इंडिजचे बेट त्याच्या डोक्यात बसले आहे. मी त्याला आठवण करून दिली, की जिंकल्यावर बेरिल वादळ आले, विमानतळ बंद झाला आणि आपले खेळाडू हॉटेलातच अडकून पडले. ते दिल्लीला पोचले 4 जुलैला. तिकडे वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर असतो. एवढ्या मोठ्या संघालाही हवामानापुढे थांबावे लागते, तर समुद्राकडे जाणाऱ्याने आधी महिना पाहावा, मग हॉटेल पाहावे.

मात्र त्या बेटांची एक गोष्ट मला फार पटली. तिकडच्या बऱ्याच मोठ्या हॉटेलांत एकदाच पैसे भरले की खोली, नाश्ता, दोन वेळचे जेवण, चहापाणी सगळे त्यातच येते. भाड्याचे आकडे आपल्या कामाचे नाहीत, पण मागची कल्पना आपल्या कामाची आहे. तिथे उतरलेल्या बाईला दिवसभरात एकदाही विचारावे लागत नाही, "आज भाजी काय करू?"

आपल्या कोकणातही अशी सोय आहे, तीही आपल्या खिशाला झेपेल अशी. दापोली तालुक्यात हर्णै, मुरुड, कर्दे, आंजर्ले, केळशी आणि मंडणगड तालुक्यात वेळास, या किनाऱ्याच्या गावांतून घरगुती निवास निघाले आहेत. माणशी दर ठरवायचा, त्यात राहणे आणि जेवण दोन्ही. वेळासला समुद्री कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून तिथे त्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला लोक येऊ लागले आणि गावातली कुटुंबे पाहुण्यांना घरीच ठेवून घेऊ लागली. सासूबाईंनी या बाजूला कौल दिला तो वेगळ्या कारणाने. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातच आहे. "पाण्यात काय पाहायचे ते तुम्ही पाहा, मला आंबडव्याला नेऊन आणा," असे त्या म्हणाल्या. जागा ठरली.

प्रवासाचा हिशेब असा. डहाणू रोडहून वसई, तिथून पनवेल, पनवेलहून कोकण रेल्वेने खेड आणि पुढे एस.टी. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. 1 नोव्हेंबर 2024 पूर्वी ही मुदत 120 दिवसांची होती. रेल्वेतली ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, पण एस.टी.त 75 वर्षांवरच्यांना ऑगस्ट 2022 पासून आणि महिलांना मार्च 2023 पासून सवलत सुरू झाली. सासूबाई 76 वर्षांच्या, त्यांना एस.टी. फुकट. मला निम्मे तिकीट. म्हातारे माणूस बरोबर आहे म्हणून खर्च वाढतो, असे समजायचे कारण नाही.

तारीख ठरवताना भरती-ओहोटी पाहावी. त्याला फोन लागत नाही, भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. पौर्णिमा पाहण्याची सवय आपल्या घरांत आहेच. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. त्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती साधारण दुपारी बाराकडे येते आणि उधाण मोठे असते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावे. पाणी चढत असताना पोरांना काठाकाठाने खेळू द्यावे, ओहोटी लागली की बाहेर बोलवावे, कारण उतरते पाणी माणसाला आत ओढते. गावातल्या कोळ्याला विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल घालू नये. तो "नको" म्हणाला तर वाद घालू नये.

खोली कशी पाहायची, हे मला शेजारणीने शिकवले. ती एका रिसॉर्टमध्ये खोल्या झाडायला आणि चादरी बदलायला जाते. ती म्हणाली, "ताई, फोटोतला पलंग पाहू नकोस. पाण्याची टाकी किती आणि पाणी दिवसभर येते का, ते विचार. संडास खोलीत आहे की अंगणात, आणि आजींना बसायला कमोड आहे का, ते विचार. खोली तळमजल्यावर माग. न्हाणीघराची कडी आतून नीट लागते का, ते गेल्या गेल्या बघ. आणि खोली किती वाजता सोडायची, ते आधीच ठरव." लोकांच्या सुट्ट्यांची घाण काढणाऱ्या बाईइतके चांगले हॉटेल कोणाला कळणार? मी आणखी दोन प्रश्न वाढवले. आगाऊ किती भरायचे, आणि ऐनवेळी जाणे रद्द झाले तर त्यातले परत किती मिळणार? पावती मागावी. मोठ्या लॉजमध्ये उतरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आहे.

इथपर्यंत सगळे गोडीगुलाबीने झाले. मग सासूबाईंनी माळ्यावरची छोटी गॅसची शेगडी काढायला सांगितली. "तांदूळ, डाळ, तिखट-मीठ घेऊ. नुसती खोली घ्या. दोन दिवस मी करीन सगळ्यांचे." मुलाने लगेच सांगितले, की रेल्वेत गॅसचा सिलिंडर नेणे गुन्हा आहे. ते खरेच आहे, आणि स्फोट झाला तर अख्खा डबा जळतो. पण त्यांचे समाधान झाले नाही. "मग तिथे चूल मांडू," म्हणाल्या.

मला वाटले, हा पैशाचा प्रश्न असावा. म्हणून वही काढली. नुसती खोली, जादा गाद्या टाकून, रात्रीला 1800 रुपये, म्हणजे दोन रात्रींचे 3600. जेवणासह घरगुती निवास माणशी दिवसाला 900, मुलीला 600. म्हणजे दिवसाचे 4200 आणि दोन दिवसांचे 8400. फरक 4800 रुपयांचा. हातांनी रांधले तरी किराणा, मासळी, जळण धरून 1200 लागणारच. म्हणजे खरा फरक 3600. घरातल्या दोन बायांनी दोन दिवस चुलीपुढे न बसण्याची ही किंमत. महिन्याला हजार रुपये बाजूला टाकून आम्ही चौदा महिने डबा भरला आहे. त्यातून ही किंमत निघते. आमचे हे म्हणाले, "मी वर्षभर मशीनपुढे उभा राहून रजा साठवतो. तुमची रजा कोण साठवणार? ती विकतच घ्यावी लागेल."

सासूबाईंनी वहीकडे पाहिलेही नाही. रात्री त्या माझ्याशी बोलल्या. त्यांच्या लहानपणी बाहेरगावी निघाले की घरची भाकरी आणि घरचे पाणी बांधून घ्यायचे, ही आईची शिस्त. कारण वाटेत पाणी कोण देईल याचा भरवसा नव्हता. हॉटेलात चहा मिळाला तर वेगळ्या कपात, बाहेर उभे राहून. "कुणाच्या ओट्यावर जेवायला बसायचे आणि त्याने मधेच नाव विचारायचे, त्यापेक्षा आपली चूल बरी," त्या म्हणाल्या.

शेगडीच्या मागे काटकसर नव्हती, हे तेव्हा उलगडले. तिथे जुनी भीती बसली होती. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतःच्या बालपणातली जी गोष्ट लिहिली आहे, तीही सुट्टीचीच आहे. 1901 सालची. वडील कोरेगावला नोकरीला होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले साताऱ्याहून नवे कपडे घालून हौसेने रेल्वेत बसली आणि मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून गाडी मुलांनीच हाकायची ठरली. त्यांच्याजवळ जेवणाचा डबा भरलेला होता. पण वाटेत प्यायला पाणी कोणी दिले नाही, म्हणून भरला डबा असून मुले उपाशी निजली. घरची शिदोरी सगळे प्रश्न सोडवत नाही, हे तिथे दिसते. हक्क लागतो तो पाण्यावर, बाकावर, पंगतीवर.

तो हक्क आज कागदावर पक्का आहे. घटनेच्या कलम 15 च्या दुसऱ्या पोटकलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा उल्लेख आहे. तिथे जातीवरून कोणाला अडवता येत नाही. 1955 च्या कायद्याने, ज्याला 1976 पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात मज्जाव करणे हा गुन्हा ठरवला. पण कायदा हातात असला तरी सुट्टीच्या दिवशी भांडण कोणाला हवे? म्हणून मी सगळे फोनवरच, पैसे भरण्याआधी, स्पष्ट बोलायचे ठरवले. पूर्ण नाव, आडनावासकट. "आम्ही पाच माणसे. तिन्ही वेळ जेवण तुमच्याकडेच, तुमच्याच भांड्यांत, सगळ्या पाहुण्यांबरोबर बसून. चालेल ना?"

एका ठिकाणी बाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "खोली आहे, पण जेवणाचे तुम्ही बाहेर बघा. स्वयंपाकघर आमच्या घरातलेच आहे." गावाचे नाव इथे देत नाही. तो नंबर मी वहीतून खोडला. दुसऱ्या ठिकाणी फोन उचलणाऱ्या काकूंनी प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. "बाहेर कुठे जेवणार? इथेच जेवायचे. मासळी खाता ना? आजींना तिखट चालते का?" एवढेच त्यांनी विचारले. त्यांच्याकडे आगाऊ पैसे भरले. फोन सासूबाईंच्या हातात दिला, तर दोघी तिखटावरून दहा मिनिटे बोलत बसल्या. शेगडी माळ्यावर परत गेली. पाण्याची बाटली मात्र त्या घरूनच घेणार आहेत. घेऊ द्या. सत्तर वर्षांची सवय एका फोनने सुटत नाही.

आपल्यात अजून अनेकांना वाटते, की सहल ही श्रीमंतांची चैन आहे. तसे नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी 1945 मध्ये कारखान्यातल्या कामगारांना पगारी सुट्टीचा कायदा मिळवून दिला. पुढे 1948 च्या कारखाने कायद्यात वर्षाला 240 दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा ठरली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत त्या 240 दिवसांचे 180 झाले. विश्रांती हा कामाचाच भाग आहे, ती मालकाची मेहेरबानी नव्हे, हे त्यामागचे तत्त्व. पण हे सगळे कायदे कारखान्याच्या फाटकापाशी थांबतात, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येत नाहीत. तिथला कायदा घरातल्यांनीच करायचा असतो.

तेव्हा वाचकहो, तुम्ही समुद्रावर जा, डोंगरावर जा, नाहीतर नागपूरला दीक्षाभूमीवर जा. लॉज घ्या किंवा कुणाच्या घरी उतरा. सामानाची यादी करायला बसाल तेव्हा घरात रोज रांधणारी जी कोणी असेल, आई, बायको, सून, तिला आधी विचारा, "तुला तिथे काय करायचे नाही?" तिच्या उत्तरावरून जागा निवडा. भाड्यातले चार पैसे वाचवायचे असतील तर खोली साधी घ्या, पंख्यावर भागवा, एक मुक्काम कमी करा. पण तिच्या हातात तिथेही झारा देऊ नका.